पालथ्या कॅरमवरची चुंबळ

मित्रांनो, मला जुना म्हणा, एका कोपऱ्यात फुगलेला म्हणा, मी मनाला लावून घेणार नाही. पण मला नुसता कॅरम बोर्ड म्हणालात तर ते अर्धंच खरं होईल. मला दोन तोंडं आहेत. दोन तोंडांचा म्हणजे लबाड, असं माणसांत समजतात. माझ्यात लबाडी नाही. माझं पुढचं तोंड पिवळसर, गुळगुळीत, चार कोपऱ्यांत चार खिसे असलेलं. त्याला वर्षानुवर्षं बोरिक पावडर लागली. मागचं तोंड काळं, खरबरीत. त्याला खडू लागला. दोन्ही पांढरंच. पुढच्या तोंडाने मी खेळ दिला आणि मागच्या तोंडाने गणित शिकलो. कसं, ते सांगतो. बसा जरा टेकून.

घाटकोपरच्या एका गल्लीत धोंडिराम नावाचे सुतार होते. त्यांच्या हातचा मी. त्यांनी माझी फळी तळव्याने तपासली, बोटांनी नाही. "बोटं खोटं बोलतात रे," असं ते शेजारच्या माणसाला सांगायचे, "तळवा बोलत नाही." बाभळीची चौकट ठोकली, लाल वर्तुळं काढली, खिशांना जाळ्या बांधल्या. मग एक स्ट्रायकर सोडला आणि डोळे मिटून कान दिला. स्ट्रायकर चारही कडांना एकसारखा वाजला तसे ते हसले. मला पालथा केला आणि कानामागची लाल पेन्सिल काढून माझ्या पाठीवर लिहिलं, "उलटा ठेवू नये."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझं निम्मं आयुष्य ते वाक्य मोडण्यात गेलं.

मला घरी नेलं चंद्रप्रकाश यांनी. ते लिफ्ट दुरुस्त करणारे. त्यांचे वडील मालवणकडून गिरणीत कामाला आले, गिरणी बंद पडली तसं कुटुंब बोरिवलीला आलं आणि खाडीच्या बाजूला, एका दुमजली इमारतीत रुजलं. रिक्षात मी मावेना. तेव्हा चंद्रप्रकाशांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, गोल पिळला, डोक्यावर ठेवला आणि त्यावर मला घेतला. अशा पिळलेल्या कापडाला चुंबळ म्हणतात, मित्रांनो. डोकं आणि ओझं यांच्यामध्ये ती बसते. ओझं येतं, ओझं जातं, चुंबळ डोक्यावरच राहते. मी अशा थाटात आलो की रस्त्यातली माणसं वाट देत होती.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, खाली अंगण दिसेल अशा जागी, मला एका पिंपावर मांडलं. मग काय विचारता. दर रविवारी दुपारी गॅलरी भरायची. चंद्रप्रकाश आणि शेजारचे नितेश एका बाजूला, बाकी अख्खी इमारत दुसऱ्या बाजूला. राणी खिशात गेली की खालच्या मजल्यावर कळायचं. चंद्रप्रकाशांचा कट असा बारीक की सोंगटी जाताना सोंगटीलाही कळत नसे.

त्यांची मुलगी अक्षता तेव्हा एवढीशी. ती माझ्या चौकटीवर हनुवटी टेकून बसायची आणि खिशातल्या सोंगट्या काढून मोजायची. "पप्पा, काळ्या नऊ, पांढऱ्या नऊ, राणी एक. एकही हरवलेली नाही," असं सांगून ती डबी बंद करायची. माझ्या चौकटीवर एका जागी पॉलिश थोडं उडालंय. ती तिच्या हनुवटीची जागा.

पुढे ती आणखी उंच चढली. इमारतीसमोरच्या मुलींच्या गोविंदा पथकात ती एक्का झाली. एक्का म्हणजे मनोऱ्याच्या सगळ्यांत वरचा. हंडी फोडून झाली की एक्का आधी उतरतो, मग त्याच्या खालचा थर, मग त्याच्या खालचा. तळातल्याने शेवटपर्यंत हलायचं नाही. अकराव्या वर्षी हे तिच्या गुडघ्यांना, तळपायांना पाठ झालं. हेही लक्षात ठेवा. अंगाला जे पाठ होतं ते डोकं सहजी विसरू देत नाही.

मग माझे दिवस फिरले. एकदा अक्षताची आई, वनमाला, हिने ओली गोधडी माझ्यावर टाकली आणि दोन दिवस ती तशीच राहिली. चूक कुणाची नव्हती. घरात पाहुणे होते. पण माझा एक कोपरा पाणी प्यायला आणि फुगला. त्यानंतर कुठूनही मारलेली सोंगटी वळणं घेत एकाच खिशाकडे जाऊ लागली.

नितेश म्हणाले, "चंदू, हा बोर्ड राहिला नाही रे. घसरगुंडी झाली. देऊन टाक भंगारात."

"भंगारात तू जा," चंद्रप्रकाश म्हणाले. "ह्याच्यावर मी तुला किती वेळा वाचवलाय ता आठव."

मला भंगारात दिलं नाही, पण खेळणंही थांबलं. मला कपाटामागे उभा केला. वर्षातून एकदा वनमाला मला बाहेर काढी, माझ्यावर जुनं धोतर अंथरी आणि पापड वाळत घाली. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण उन्हात पापडाचा वास अंगात मुरवत पडून राहणं काही दुःखाचं नसतं. कपाटामागे एक कोळी राहायचा. त्याने माझ्या एका खिशात आपलं घर केलं. जाळीत जाळी. आम्ही दोघं सुखाने राहिलो.

अशी बरीच वर्षं गेली. एका मे महिन्याच्या दुपारी घरात कुणी मोठ्याने बोलेना, तेव्हा मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

अक्षता बारावीत गणितात नापास झाली होती. चार गुण कमी पडले.

"चारच ना?" चंद्रप्रकाश म्हणाले. "जुलैत परत बस."

"चारच नाहीत, पप्पा. एक गणित होतं चार मार्कांचं. त्याने माझा पाऊण तास खाल्ला. शेवटचं पान मी उघडलंच नाही."

"मग सोडून पुढे जायचंस गो."

"कसं सोडणार? मला वाटलं होतं तेच मला सगळ्यांत चांगलं येतं."

वनमाला पोळी लाटता लाटता थांबली. "कसलं गणित होतं?"

"थरांचं," अक्षता म्हणाली आणि रडण्याऐवजी हसली. मग म्हणाली, "ऐका. जुलैत एकदा देणार. नाही जमलं तर सायन्स बंद. मॉलमध्ये काउंटरला माणसं पाहिजेतच. पुढे गणित घेईन, संख्याशास्त्र शिकेन वगैरे पुन्हा कुणी काढायचं नाही. मीपण काढणार नाही."

ती जे म्हणते ते करते, हे आईवडील दोघांनाही माहीत होतं. मलाही. म्हणून कपाटामागे माझा फुगलेला कोपरा आणखी जड झाला.

दोन दिवस ती वहीत लिहीत राहिली, फाडत राहिली. चंद्रप्रकाश बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बसून नाही होत तर उभ्याने कर. मी मशीन दुरुस्त करताना बसलो तर मला काही सुचत नाही." आणि त्यांनी मला कपाटामागून ओढला. कोळ्याला हळूच गॅलरीच्या कठड्यावर सोडला. माझी पाठ पुसली. धोंडिरामांची लाल अक्षरं समोर आली.

"उलटा ठेवू नये," चंद्रप्रकाशांनी वाचलं. "माफ करा हां, मिस्त्री."

त्यांनी काळा रंग लावला. दोन हात. रंग सुकल्यावर दोन खिळ्यांवर मला गॅलरीच्या भिंतीला टांगला: खेळाचं तोंड भिंतीकडे, काळी पाठ जगाकडे. ऊन तिरपं पडलं की रंगाखालून ती लाल अक्षरं अजून पुसट दिसतात. मला तर आत गुदगुल्या होत होत्या. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्यासमोर उभं राहून डोळे बारीक करत होतं.

आता ते गणित सांगतो. घाबरू नका, मीही आधी घाबरलो होतो.

एक्स म्हणजे कुठलीही एक संख्या. तिच्या डोक्यावर, जरा उजवीकडे, लहान अक्षरात दुसरी संख्या बसवली की वरच्या संख्येला घातांक म्हणतात. दोनाच्या डोक्यावर तीन म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. अक्षताच्या गणितात एक्सच्या डोक्यावर एक्स होता आणि त्या वरच्या एक्सच्या डोक्यावर लॉग एक्स, म्हणजे एक्सचा लॉगॅरिदम. तीन मजले. त्याचं विकलन करायचं होतं, म्हणजे एक्स जरासा हलला तर सगळा मनोरा किती वेगाने हलतो ते काढायचं होतं. डोक्यावर एवढी माणसं घेऊन उभा असलेला एक्स थेट हलवता येत नाही. त्यासाठी लॉग घ्यायचा. लॉग घेतला की डोक्यावरचं खाली उतरतं आणि शेजारी गुणाकाराने उभं राहतं.

तिचे क्लासचे प्रबुद्ध सर हे शिकवताना म्हणाले होते, "समजा तीन थर लागलेत. लॉग म्हणजे हंडी फुटल्यावर थर उतरवणं." सगळा वर्ग हसला होता आणि सगळ्यांत जास्त हसली होती अक्षता, कारण ती स्वतः एक्का. तिने मनोरा उतरवला तो तिच्या तळपायांनी शिकवल्याप्रमाणे. एक्का आधी. सगळ्यांत वरचा लॉग एक्स खाली आला. मग मधला एक्स खाली आला. मग तळातला एक्स, लॉग लागलेला, उभा राहिला. लॉग एक्स, गुणिले एक्स, गुणिले लॉग एक्स. सगळे एका ओळीत, जमिनीवर, सुखरूप.

परीक्षेत तिने हेच लिहिलं होतं. उत्तर भलतंच सोपं आलं, म्हणून तिला शंका आली. ती पुन्हा सोडवत बसली, पुन्हा तेच आलं, आणि घड्याळ पुढे गेलं.

आता माझ्या पाठीवरही तेच येत होतं. पुस्तकाच्या मागे छापलेल्या उत्तराशी तिचं उत्तर जुळेना. सकाळी लिहायची, दुपारी पुसायची. फडकं फिरवताना तिचा हात दिवसेंदिवस जड लागू लागला. तिने सरांना फोटो पाठवला. सर सुट्टीत गावी होते. त्यांचा निरोप आला तो तिने गॅलरीत मोठ्याने लावला. "अक्षता, चूक पहिल्याच ओळीत आहे. मी सांगणार नाही. मी सांगितली तर तू पुन्हा करशील."

"वा," अक्षता म्हणाली. "झकास. पहिल्याच ओळीत."

"सर असेच पाहिजेत," वनमाला आतून म्हणाली.

"तू कुणाच्या बाजूने आहेस, आई?"

"मी कोलंबीच्या बाजूने आहे. सुंदराबाई आल्या का बघ."

सुंदराबाई म्हणजे आमच्याकडच्या मासेवाल्या. गोराईहून फेरीबोटीने खाडी ओलांडायच्या आणि तीन इमारती फिरून आमच्या अंगणात, जिन्याच्या पायथ्याशी बसायच्या. डोक्यावर निळी प्लास्टिकची मोठी पाटी, पाटीवर वेताची टोपली. पाटीत बर्फातले बोंबील आणि कोलंबी, टोपलीत सुकं. आल्या की त्या विकायची हाक देत नसत. त्या म्हणत, "हात लाव गो." म्हणजे ओझं उतरवायला कुणीतरी या. ज्याच्या कानावर पडेल त्याने जायचं, असा इमारतीचा रिवाज.

त्या दिवशी अक्षताच्या कानावर हाक पडली. एका हातात खडू, डोळ्यांत तो मनोरा, अशी ती खाली गेली. मी वरून सगळं बघत होतो.

तिने काय केलं असेल? तिने सगळ्यांत वरची टोपली आधी उचलली.

टोपली निघाली तशी खालची पाटी एका बाजूला कलली. वरच्या वजनाने ती नीट बसली होती, ते वजनच गेलं. सुंदराबाईंनी मान वाकडी करून सावरायला बघितलं, पण बर्फ घसरला आणि त्यामागून बोंबील. चार, पाच, सात बोंबील पाणी ओघळावं तसे अंगणात ओघळले. एक अक्षताच्या पायावर.

"अगो बाय," सुंदराबाई म्हणाल्या, अर्धी पाटी डोक्यावर, अर्धी हातांत, "तुला डोळं हाय का बटनं? वरचं कशाला धरलंस?"

"मला वाटलं, आधी वरचं…"

"आधी वरचं म्हनं. मी काय दहीहंडी हाय? खालच्या पाटीला धर. कडेला, कडेला. सगला भार एकदम उतरव. भुईवर टेकला का मग बस निवांत, वरचं काढ, आतलं काढ, काय काढायचं तं काढ."

अक्षताने टोपली पुन्हा पाटीवर ठेवली, खालच्या पाटीच्या कडेला दोन्ही हात घातले, आणि दोघींनी मिळून टोपलीसकट अख्खी पाटी जमिनीवर टेकवली. सुंदराबाईंचं डोकं मोकळं झालं. डोक्यावर उरली फक्त लुगड्याच्या धडप्याची चुंबळ.

अक्षता त्या चुंबळीकडे बघत राहिली.

"काय बघतंस? बोंबील गोळा कर आता."

"सुंदरामावशी," ती हळू म्हणाली, "भार खाली आला तरी चुंबळ वरच राहते ना?"

"मग? चुंबल काय भाराबरोबर इकायची?"

अक्षताने सातही बोंबील गोळा केले, नळाखाली धुतले, पाटीत ठेवले. धावत वर आली ती हात न पुसता. माझ्या पाठीवर त्या दिवशी जो खडू लागला त्याला बोंबलाचा वास होता. तो वास मी आजही ओळखीन.

तिने एक्स लिहिला. त्याच्या डोक्यावर एक्स, त्याच्याही डोक्यावर लॉग एक्स. मग वरच्या दोघांभोवती एक गोल काढला आणि त्या गोलाला म्हणाली, "पाटी." अख्खी पाटी, टोपलीसकट, एकदम खाली उतरवली आणि शेजारी मांडली. तळातल्या एक्सच्या डोक्यावर फक्त लॉग राहिला.

"लॉग म्हणजे चुंबळ," ती म्हणाली. कुणाला म्हणाली? गॅलरीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

पहिली ओळ बदलली होती, मित्रांनो. आधी तिने टोपली वेगळी, पाटी वेगळी अशी उतरवली होती आणि सगळा माल सांडला होता. आता पाटीवर टोपली तशीच होती. पाटी अजून भरलेली होती, म्हणून तिचं वजन खरं होतं.

संध्याकाळी चंद्रप्रकाश कामावरून आले. अक्षताने त्यांना दारातच अडवलं. "पप्पा, सोंगट्यांची डबी कुठेय?"

"हा आता पालथा आहे. खेळायचं कुठे?"

"खेळायचं नाही. दोनाच्या डोक्यावर तीन, तिनाच्या डोक्यावर दोन. किती?"

"माका विचारतंस? मी लिफ्टवाला."

"तुम्हालाच विचारतेय. आधी पाटी. तिनाच्या डोक्यावर दोन, म्हणजे तीन गुणिले तीन. किती?"

"नऊ."

"नऊ काळ्या मांडा. प्रत्येक सोंगटीला दुप्पट करत जा."

चंद्रप्रकाश बूट न काढता गॅलरीच्या फरशीवर बसले. एक एक काळी सोंगटी मांडत मोजू लागले. "दोन. चार. आठ. सोळा. बत्तीस. चौसष्ट. एकशे अठ्ठावीस. दोनशे छप्पन्न. पाचशे बारा."

"आता माझी जुनी रीत. एक्का आधी. दोनाच्या डोक्यावरचे तीन आणि तिनाच्या डोक्यावरचे दोन, दोघं खाली येऊन एकमेकांना गुणले गेले. तीन दुणे सहा. सगळ्या डबीत टाका, आता सहाच मांडा."

"दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट," चंद्रप्रकाश थांबले. त्यांनी फरशीवरच्या सहा सोंगट्या बघितल्या, डबीत बघितलं, आणि भुवया वर केल्या. आयुष्यभर कॅरम खेळलेला माणूस तो. "अक्षू, माझ्या तीन काळ्या गेल्या कुठे?"

"त्याच माझ्या सांडल्या, पप्पा. फेब्रुवारीत. पेपरात."

मग चंद्रप्रकाश उरलेल्या तीन काळ्या डबीतून काढून ओळीत ठेवत म्हणाले, "मिळाल्या ना. मग झालं."

पुढचं अक्षताने त्याच संध्याकाळी केलं. उतरवलेली पाटी म्हणजेसुद्धा डोक्यावर टोपली घेतलेला एक्सच. पुन्हा लॉग, पुन्हा तेच: टोपली खाली, चुंबळ वर. टोपली होती लॉग एक्स आणि उरलेली चुंबळही लॉग एक्स, म्हणून तिथे लॉग एक्सचा वर्ग आला. मग पाटी आणि चुंबळ शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, आणि हलताना दोघीही हलणार. तिथे तिला माझं पुढचं तोंड आठवलं. कॅरममध्ये एकाची पाळी असताना दुसऱ्याने हात मागे घ्यायचा. आधी पाटी हलेल, चुंबळ थांबेल. मग चुंबळ हलेल, पाटी थांबेल. दोघींची बेरीज. शेवटी तिने उत्तर लिहिलं: अख्खा मनोरा, गुणिले पाटी, गुणिले एक अधिक लॉग एक्सच्या वर्गाची दुप्पट, आणि सगळ्याला भागिले एक्स. पुस्तकाचं मागचं पान उघडलं. जुळलं.

तिने कपाळ माझ्या पाठीला टेकवलं. कपाळावर पांढरी रेघ उठली.

"चेहरा बघ," वनमाला म्हणाली. "आणि हात धू. घरभर बोंबील झालाय."

तिने सरांना दुसरा फोटो पाठवला, पाटी आणि चुंबळ काढलेला. सरांचा निरोप आला, "बरोबर. थर मी चुकीचे सांगितले का गं?" तिने उलट कळवलं, "सर, तुम्ही बरोबर होतात. मी एक्का होते ते चुकलं." मग त्यांनी लिहिलं, "पुढच्या वर्षीपासून चुंबळच सांगेन."

जूनभर माझी पाठ भरत राहिली आणि पुसली जात राहिली. नितेश येता-जाता विचारायचे, "आज एक्सबाईच्या डोक्यावर काय आहे?" हळूहळू अख्ख्या इमारतीत एक्सबाई झाली. वनमालाने पिठात हात असताना एक ओवीच जुळवली, आणि अक्षता ती पाढ्यासारखी पुटपुटायची:

हात लाव गो सये, पाटीच्या कडेला,
भार भुईला टेकला, चुंबळ उरे डोईला.

जुलैत ती पेपर देऊन आली. चंद्रप्रकाश त्या दिवशी लवकर घरी. बोलायचं नाही असं ठरवून तिघंही गॅलरीत उभे. शेवटी तीच म्हणाली, "ते आलंच नाही."

"काय आलं नाही?"

"तीन मजली. आलंच नाही. साधं दोन मजली आलं. तीन मिनिटांत झालं."

"मग एवढा खडू फुकट?" नितेशनी शेजारून विचारलं.

"फुकट कसा, काका? शेवटचं पान उघडलं ना मी. सगळं सोडवलं. दहा मिनिटं उरली, मग मनातल्या मनात एक्सबाईला खाली बसवलं आणि पाणी प्यायले."

ऑगस्टच्या शेवटी निकाल लागला. एकसष्ट. चंद्रप्रकाशांनी आकडा दोनदा वाचला आणि कठड्याला धरून उभे राहिले. वनमालाने साखर शोधायला घेतली. अक्षता मात्र माझ्याकडे आली. तिने खडू घेतला आणि माझ्या फुगलेल्या कोपऱ्यात, जिथे कधीच नीट लिहिता येत नाही, बारीक अक्षरात लिहिलं, "संख्याशास्त्र." ती आता तेच शिकते. तो शब्द अजून कुणी पुसलेला नाही.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपल्यासारखी आहे, पण मी अजून कामाला आहे. दुपारी इमारतीतली पाच-सहा मुलं गॅलरीत बसतात आणि अक्षता त्यांना शिकवते. रविवारी मला खिळ्यांवरून काढून सरळ करतात, कारण नितेशना अचानक कळलंय की घसरगुंडीवरही खेळता येतं; फुगलेला कोपरा कुणाच्या वाट्याला येणार यावरून भांडण होतं तेवढंच. सोमवारी मी पुन्हा पालथा.

धोंडिराम मिस्त्री आता नाहीत. भेटले असते तर त्यांच्या पाया पडून सांगितलं असतं की तुमचं एक वाक्य मी पाळलं नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो. तुमच्या घरात कपाटामागे काही उभं असेल, फुगलेलं, एका बाजूला ओढणारं, तर ते बाहेर काढा, पुसा, आणि देऊन टाकण्याआधी एकदा पालथं करून बघा. वस्तूला हे चालतं. चार गुणांनी मागे राहिलेल्या तुमच्या मैत्रिणीलाही चालतं.

आणि कुणी हात लाव म्हटलं तर जा. वरवरचं उचलू नका. खालच्या कडेला हात घाला.

हे सांगतोय तोवर अंगणात हाक आलीच. "हात लाव गो." अक्षता अर्धी ओळ माझ्या पाठीवर तशीच सोडून जिना उतरली आहे. सुंदराबाई मान ताठ ठेवून उभ्या आहेत. तिने दोन्ही हात वर केले, पाटीच्या कडेला घातले, आणि सगळा भार एकदम, अलगद, भुईला टेकला. एकही बोंबील हलला नाही.

निळ्या पाटीच्या कडेवर दहा पांढरी बोटं उमटली आहेत. मला इथून दिसतात.